मरुभूमींतील पाळीव कासव व त्याच्या पाण्याचा हिशेब

आमच्या भाषेंत कासव हा एकच शब्द असल्यामुळें एक घोटाळा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. विहिरींत, तळ्यांत व नदीच्या डोहांत राहणारें तें कासव, आणि माळरानावर गवत खात हिंडणारें तेंही कासवच. पहिल्याची पाठ चपटी व बोटें पडद्यानें जोडलेलीं असतात. दुसऱ्याची पाठ घुमटासारखी उंच, पाय हत्तीच्या पायांसारखे खांबवजा, आणि बोटांत पडदा नाहीं. पहिलें पोहतें, दुसरें खोल पाण्यांत टाकिलें असतां बुडून मरतें. तरीही बांधावर असें माळावरचें कासव सांपडलें कीं, "बिचाऱ्याला पाण्यांत सोडूं या" म्हणून भूतदयेनें विहिरींत टाकणारे सद्‌गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. उलटपक्षीं, ज्या देशांत जमिनीवरचें कासव घरीं पाळण्याची चाल आहे तेथें, हा प्राणी वाळवंटांतला, त्यास पाणी कशाला, पाल्यांतून मिळेल तेवढें पुरे, असें समजून त्यास वर्षानुवर्षें कोरडें ठेवणारे लोकही थोडे नाहींत. पहिल्या समजुतीनें कासव त्याच दिवशीं मरतें. दुसरीनें तें कांहीं वर्षें झिजून मरतें. हें दुसरें मरण डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून त्याविषयीं लिहिणें अवश्य वाटतें.

वाचक विचारतील कीं, शेतकऱ्यांच्या मासिकांत कासवाचें काय काम? त्यास आमचें उत्तर असें आहे कीं, सभासदांपैकीं अनेकांचीं मुलें-नातवंडें आज अमेरिकेंत नोकरीस आहेत, व त्यांतील आरिझोना प्रांतांत राहणाऱ्यांच्या घरीं हा प्राणी असणें अशक्य नाहीं. आमचा पुतण्या फिनिक्स शहराजवळ राहतो. महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर आम्ही त्याजकडे दोन वेळां मिळून आठ महिने राहिलों, आणि त्या मुदतींत त्याच्या परसांतील कासवाची चाकरी बहुतेक आमच्याकडेच होती. शिवाय अवर्षणाच्या मुलखांत ज्यांचा जन्म गेला, त्यांनीं पाणी राखण्याची विद्या या प्राण्यापासून पाहावी, अशी ती खरोखर आहे.

प्रथम कायद्याचें बोलूं, कारण आमची तीच खोड. हिंदुस्थानांत पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलें जें माळकासव आहे, तें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित असून तें घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. २०१९ सालीं त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही मना झाला. विहिरींतील कासवांसही कायद्याचें संरक्षण आहेच. तेव्हां हा लेख वाचून कोणीं आपल्या शेतांतील कासव उचलून घरीं आणूं नये. आरिझोनांतही रानांतील कासव धरून आणण्यास बंदीच आहे. परंतु पूर्वीं पाळलेलीं, मालक वारलेलीं, किंवा पाळणाऱ्यांच्या घरीं जन्मलेलीं अशीं पुष्कळ कासवें तेथें आहेत. त्यांस पुन्हा रानांत सोडतां येत नाहीं, कारण त्यांचे रोग रानांतल्या कासवांस जडतात. म्हणून तेथील शिकार व मत्स्य खातें हीं कासवें लायक कुटुंबांस दत्तक देतें. टूसॉन येथील आरिझोना-सोनोरा डेझर्ट म्यूझियम ही संस्थाही हें काम करीत आली आहे. दत्तक देण्यापूर्वीं कुंपण, बीळ व पाणी यांची व्यवस्था विचारतात, आणि पिलावळ वाढवूं नये अशी अट घालतात. पुतण्याकडील कासव या रीतीनें आलेलें आहे.

आतां तो मुलूख. आमच्याकडे ज्या तालुक्यांस अवर्षणग्रस्त म्हणून यादींत घालितात तेथेंही वर्षाकाठीं वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. फिनिक्स येथें सरासरी सात-आठ इंच. तोही दोन हप्त्यांत पडतो: हिंवाळ्यांत हलका, आणि जुलई ते सप्टेंबर वादळी. या दुसऱ्यास तेथील लोक मान्सून असेंच म्हणतात. हें प्रथम ऐकून आम्हांस परक्या गांवीं नातेवाईक भेटल्यासारखें वाटलें. मे-जूनमध्यें पारा ४३ अंशांच्या वर जातो व कित्येक आठवडे थेंब पडत नाहीं. अशा ठिकाणीं हें कासव लक्षावधि वर्षें टिकून आहे. कोलोराडो नदीच्या पलीकडे, म्हणजे पश्चिमेस व उत्तरेस, मोहावी वाळवंटांत राहणारी जात निराळी आणि अलीकडची सोनोरन निराळी, असें २०११ सालीं शास्त्रज्ञांनीं ठरविलें. पलीकडची जात १९९० पासून तेथील सरकारच्या संकटग्रस्त यादींत आहे. पाण्याच्या बाबतींत मात्र दोघांची राहणी बरीचशी सारखी.

रानांतील कासव आयुष्याचा फार मोठा भाग बिळांत काढतें. बिळांत हवा थंड व ओलसर असते, त्यामुळें श्वासावाटे व कातडीवाटे जाणारें पाणी वांचतें. पावसाची चाहूल लागतांच तें बाहेर येतें. मेडिका, बरी व लकनबाक या तिघांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें नमूद आहे कीं, हीं कासवें जमीन उकरून स्वतः उथळ खळगे करतात, व पाऊस पडला कीं त्यांत सांठलेलें पाणी पितात. आम्ही शेततळ्यांस अनुदान मंजूर करण्याचे कागद पुष्कळ रंगविले; परंतु अर्जाशिवाय शेततळें करणारा हा पहिलाच खातेदार आमच्या पाहण्यांत आला.

खरी मौज पुढेंच आहे. हें प्यालेलें पाणी तें कोठें ठेवतें? मूत्राशयांत. आपल्याकडे मूत्राशय म्हणजे टाकाऊ वस्तूची कोठी. या कासवाचा मूत्राशय म्हणजे हौद आहे. त्यांत शरीराच्या वजनाच्या शेंकडा चाळीसांहून अधिक भार मावतो. म्हणजे चार किलोच्या कासवापाशीं दीड लिटराहून जास्त सांठा असूं शकतो. प्रथम हें मूत्र अगदीं पातळ असतें. जसजशी कोरड वाढते तसतसें मूत्राशयाच्या भिंतींतून पाणी पुन्हा रक्तांत ओढून घेतलें जातें, व अंगांतील नासका नत्र यूरिक आम्लाच्या रूपानें पांढऱ्या चोथ्यासारखा खालीं बसतो. हा चोथा पाण्यांत विरघळत नसल्यामुळें तो सांठवावयास पाणी जवळजवळ लागत नाहीं. वाळल्या पाल्यांतून पोटांत जाणारें पालाशही पुष्कळसें या चोथ्याबरोबरच बांधलें जातें. पालाश पिकास चांगलें, पण रक्तांत वाढलें कीं विष. आणि या कासवास समुद्री कासवांप्रमाणें डोळ्यांजवळून क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी नाहींत. म्हणून त्याची सारी भिस्त मूत्राशयावर.

दुष्काळांत सरकार साऱ्याची वसुली तहकूब करतें, तसें हें कासव कोरड्या दिवसांत घाण बाहेर टाकणेंच तहकूब करतें. पाऊस आला कीं मग पोटभर पितें, महिनोगणती सांठलेलें दाट मूत्र एकदम टाकतें, आणि हौद नव्या पाण्यानें भरून घेतें. नागी व मेडिका यांनीं नेवाडा प्रांतांतील पाहणीवरून १९८६ सालीं हेंच लिहिलें आहे. आणि त्यांत शेतकऱ्यानें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, उन्हाळी पाऊस पिऊन झाल्यावरच कासवांनीं वाळलेलें गवत खाण्यास आरंभ केला. बैलास पाणी न दाखवितां कडबा घातला तर तो किती खाईल, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. चारा आहे पण पाणी नाहीं, अशा स्थितींत कासवही उपाशीच.

परंतु तहकुबीस मर्यादा असते. कासवाच्या मूत्रपिंडांस रक्ताहून दाट मूत्र करतां येत नाहीं. हौदांतील पाणी रक्ताइतकें दाट झालें कीं त्यांतून पुढें कांहीं मिळण्याजोगें उरत नाहीं. मग रक्तच दाट होऊं लागतें. पीटरसन यांनीं दीर्घ दुष्काळांतील कासवांची तपासणी करून १९९६ सालीं जें प्रसिद्ध केलें त्यांत, कांहीं कासवांचें वजन मूळच्या शेंकडा चाळीसपर्यंत घटल्याचें आढळतें. दुसरा कोणता प्राणी इतकी घट सोसून पुढच्या पावसांत पुन्हा उभा राहील? पाळणाऱ्यांची फसगत येथेंच होते. जें सोसूं शकतें त्यास सोसावें लागत नाहीं, असें ते धरून चालतात.

हा हौद बाळगण्यांत एक मोठा धोकाही आहे. भ्यालेलें कासव मूत्राशय रिकामा करतें. रानांत भटकणाऱ्या माणसानें कौतुकानें कासव उचलिलें, त्यानें भीतीनें पाणी सोडलें, माणूस हात पुसून पुढें गेला. कासवाची मात्र वर्षाची पुंजी वाळूंत गेली. २००२ सालीं आव्हेरिल-मरी यांनीं आरिझोनांतील नोंदींवरून दाखविलें कीं, हाताळतांना ज्यांनीं मूत्र सोडलें त्या कासवांचें जगण्याचें प्रमाण इतरांहून कमी होतें. म्हणून तेथें रानांतलें कासव उचलूं नये अशी सक्त सूचना असते. रस्त्याच्या मध्यभागीं असून गाडीखालीं सांपडण्याचें भय असेल तरच दोन्ही हातांनीं, आडवें धरून, जमिनीलगत, तें ज्या दिशेनें चाललें होतें त्याच दिशेस सावकाश नेऊन ठेवावें.

आतां घरगुती कासवाकडे वळूं. परसांतील कासवाचें पाणी रानांतल्यापेक्षां सोपें असावें असें वाटतें. प्रत्यक्षांत तें अधिक अवघड आहे. रानांतील कासव आपली जागा, खळगे व पावसाची वेळ जाणून असतें. परसांत त्यास कुंपण आहे, खळगा नाहीं, आणि कित्येक घरीं तर त्यास खोलींत खोक्यामध्यें कोरड्या दिव्याखालीं ठेवतात. कोपऱ्यांत उंच कांठाचें भांडें भरून ठेविलेलें असतें. पण त्या कांठापर्यंत कासवाची मान पोंचतच नाहीं. मालक म्हणतो, "पाणी ठेवलें आहे, पीत नाहीं, म्हणजे त्यास नको आहे."

पुतण्याच्या शेजाऱ्याकडील कासवाची हकीकत यासंबंधीं सांगण्यासारखी आहे. तें आधींच्या मालकाकडे बारा वर्षें होतें व तेथें त्यास मुद्दाम पाणी असें कधींच दिलें नव्हतें. बाहेरून पाहतां प्रकृति ठीक. एका वैशाखांत तें मागचे पाय ओढूं लागलें, कुंथूं लागलें, व खाणें टाकलें. पशुवैद्यानें क्ष-किरणाचें चित्र काढलें, तेव्हां मूत्राशयांत मोठ्या लिंबाएवढा खडा निघाला. तोच पांढरा चोथा, पाणी न मिळाल्यामुळें थरावर थर बसून दगड झालेला. कासवाचें पोट कापणें म्हणजे हाडाचें कवच करवतीनें उघडणें आहे. शस्त्रक्रिया झाली, पोटावर चौकोनी ठिगळ बसलें, आणि सुदैवानें तें वांचलें. पण ती भेग भरून येण्यास वर्षाहून अधिक काळ लागेल असें वैद्यांनीं सांगितलें. त्या घरांतील लहान मुलगी रोज सकाळीं शाळेस जाण्यापूर्वीं कासवाजवळ बसून राही. हें सर्व आठवड्यास एक परात पाण्यानें टळण्याजोगें होतें.

ती परातीची रीत अशी. कडा फार उंच नसलेली, पसरट व खरखरीत तळाची परात किंवा टब घ्यावा; तो याच कामास ठेवावा, स्वयंपाकांतला घेऊं नये. त्यांत हातास जेमतेम कोमट लागेल असें पाणी घालावें. खोली एवढीच कीं, कासव उभें असतां पाणी हनुवटीपर्यंत यावें व मान नुसती खालीं केली तरी तोंड बुडावें. अधिक खोल करूं नये. वर सांगितलेंच आहे कीं हा प्राणी पोहत नाहीं, आणि उताणा पडला तर थोड्या पाण्यांतही गुदमरतो. म्हणून तें पाण्यांत असेपर्यंत जवळून हलूं नये. वेळ सकाळची, उन्हाळ्यांत सावलीची. वीस ते तीस मिनिटें पुरतात. तहानलेलें कासव मान लांब करून नाकपुड्यांसकट तोंड बुडवितें, आणि गळा भात्यासारखा वरखालीं होऊं लागतो. कधीं तें दहा-दहा मिनिटें डोकें वर काढीत नाहीं. कांहीं वेळानें बहुधा तेथेंच मलमूत्र सोडतें. तें केलें कीं पाणी ताबडतोब बदलावें, नाहींतर तेंच पुन्हा पिईल. बाहेर काढल्यावर अंग पुसून उन्हांत ठेवावें, आणि आपण हात साबणानें धुवावे, कारण कासवांच्या अंगावर मनुष्यास हगवण आणणारे जंतु असूं शकतात.

मोठ्या कासवास जागेपणाच्या महिन्यांत आठवड्यांतून एकदां हा क्रम ठेवावा. कडक उन्हाळ्यांत दोनदां केल्यास हरकत नाहीं. याखेरीज परसांत कुंडीखालची मातीची ताटली जमिनींत अशी पुरावी कीं तिची कड मातीच्या बरोबर येईल. कासव चालत चालत तींत शिरतें. पाणी रोज बदलावें, कारण तें आंत पाय ठेवतें आणि दुसरेंही करतें. पुतण्यानें आणखी एक युक्ति केली होती. जून महिन्याच्या अखेरीस तो संध्याकाळीं झारीनें बिळाच्या तोंडासमोरील खळग्यावर पाऊस पाडी. झारीचा आवाज होतांच चार-पांच मिनिटांत बिळांतून डोकें बाहेर येई. हें पाहण्यास आम्ही चहा टाकून जात असूं.

पोटांतील पाण्याचा हिशेब बाहेरून कसा समजावा, हा प्रश्न राहतो. पांढऱ्या चोथ्याकडे पाहावें. तो लोण्यासारखा मऊ किंवा पातळ असला तर हौदांत पाणी आहे. खडूच्या भुकटीसारखा, बोटांत चोळतां वाळू लागावी असा असला तर सांठा संपत आला आहे. चोथा मुळींच न दिसणें हें एकट्यानें वाईट लक्षण नव्हे. पण कुंथणें, रक्त दिसणें, किंवा मागील पाय लुळे पडणें यांपैकीं कांहीं आढळतांच पशुवैद्याकडे जावें. डोळे खोल जाणें, कातडी सुरकुतून चोखटलेली दिसणें व तोंडांतील लाळ तारेसारखी चिकट होणें हीं तर फार उशिराचीं चिन्हें. तोंवर थांबूं नये.

सर्वांत भरंवशाची वस्तु म्हणजे तराजू. आमचा जन्म नोंदवह्यांत गेल्यामुळें आम्हीं तेथें पोंचतांच एक वही आंखली: तारीख, पाण्यापूर्वींचें वजन, पाण्यानंतरचें वजन, चोथ्याचा प्रकार, शेरा. पुतण्या हंसला, परंतु महिनाभरांत त्या वहीवरून पाणी केव्हां कमी पडतें हें त्यास कळूं लागलें. आठवड्यागणिक वजन घटत चाललें, तर खाणें नीट असूनही पाणी उणें आहे असें समजावें. आम्ही परत आल्यावरही ती वही चालू आहे.

पिलांची गोष्ट वेगळी. त्यांचा हौद लहान व अंगाचा विस्तार त्या मानानें मोठा, म्हणून तीं लवकर सुकतात. पहिलें वर्षभर रोज किंवा दिवसाआड दहा-पंधरा मिनिटें उथळ बशींत ठेवावें लागतें, आणि झोपण्याची जागा किंचित ओलसर असावी लागते. पाठीवरील प्रत्येक खवला डोंगराच्या शिखरासारखा वर येण्याचा जो दोष पाळीव कासवांत दिसतो, तो जास्त खाऊं घातल्यामुळें होतो असें पूर्वीं मानीत. व्हिएन्ना येथील वीझनर व ईबेन यांनीं आफ्रिकेंतील दुसऱ्या एका मोठ्या कासवाच्या पिलांवर प्रयोग करून २००३ सालीं दाखविलें कीं, हवेंतील कोरडेपणाचा त्यांत मुख्य भाग आहे.

खाण्याविषयीं थोडेंच. आमच्या शेतकऱ्यानें जन्मभर जिचा निःपात करण्याचा प्रयत्न केला ती हरळी तेथें या कासवाचें मुख्य खाद्य म्हणून मुद्दाम लावतात! फड्या निवडुंगाचीं पानें कांटे काढून, त्याचीं लाल बोंडें, जास्वंदीचीं फुलें व तुतीचा पाला हींही त्यास आवडतात. निवडुंगांत पाणी पुष्कळ, पण तें पिण्याच्या पाण्याच्या ऐवजीं धरूं नये. बाजारच्या पाणचट कोशिंबिरीच्या पानांवर त्याला वाढविणें तर अगदींच वाईट. पोट भरतें, अंग भरत नाहीं.

हिंवाळ्यांत हें कासव ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत बिळांत निजतें. निजण्यापूर्वीं दोन आठवडे खाणें बंद करावें, म्हणजे आंतड्यांत कांहीं कुजत राहत नाहीं. पाणी मात्र बंद करूं नये. उलट या पंधरवड्यांत परात दोन-तीनदां अधिक द्यावी, कारण त्या भरल्या हौदावरच त्यास पुढील चार-पांच महिने काढावयाचे असतात. बिळांत पावसाचें पाणी शिरूं नये म्हणून तोंडाशीं मातीचा उंबरठा घालावा. मार्चमध्यें ऊन तापूं लागलें कीं तें एके दिवशीं आपण होऊन बाहेर येऊन बसतें. त्या दिवशीं खाणें पुढें करूं नये, आधीं परात. आम्ही दुसऱ्या खेपेस तेथें होतों तेव्हां बाहेर आलेल्या कासवाचें वजन तीन किलो आठशें ग्रॅम भरलें. अर्धा तास पाण्यांत ठेवून, अंग पुसून पुन्हा तोलिलें, तों चार किलो शंभर. परातींत वाटीभर पांढरा चोथा पडला होता, मऊ. तिसऱ्या दिवशीं त्यानें हरळीस तोंड लाविलें.